स्क्रोलनुसार घटक दाखवणे व लपवणे

वेबपान वर-खाली सरकत असताना त्यातला एखादा भाग दिसू लागणे, दिसेनासा होणे, कडेला चिकटणे किंवा आक्रसणे, या सगळ्याला मिळून हे नाव दिले जाते. खाली वाचत गेले की वरची मेन्यूपट्टी निघून जाते आणि बोट जरा उलटे फिरवले की परत येते. पान बरेच पुढे गेल्यावर कोपऱ्यात ‘वर जा’चे बटण उगवते. लांब तक्त्याचे शीर्षक पडद्याच्या माथ्याशी टिकून राहते, फोटो नजरेच्या टप्प्यात आल्यावरच उतरतो. लोकांना याची सवय मोबाइलच्या ब्राउझरांनीच लावली. 2013 च्या आयओएस 7 पासून आयफोनमधला सफारी खाली सरकताना आपली पत्त्याची पट्टी आक्रसून घेतो, अँड्रॉइडवरचे क्रोमही पट्टी लपवते. त्यामुळे पानातली पट्टीही तशीच वागली तर कुणाला काही शिकवावे लागत नाही.

तंत्राच्या अंगाने यात दोन प्रश्न येतात. पान कुठवर सरकले यावर नजर कोणी ठेवायची, हा पहिला. लपवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गेल्या दशकभरात स्क्रिप्टकडून, म्हणजे पानासोबत उतरणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडकडून, ब्राउझरकडे गेले आहे. दुसऱ्याकडे अजूनही सर्रास काणाडोळा होतो.

चिकटणारे शीर्षक

नाशिक जिल्ह्यात या तंत्राची सर्वांत रोकडी गरज कांद्याच्या बाजारभावाच्या पानावर असते. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूर, चांदवड, उमराणे, सटाणा, कळवण, येवला, मनमाड, सिन्नर अशा बाजार समित्यांच्या ओळी, त्यात लाल आणि उन्हाळी वेगवेगळे, आणि पुढे आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण हे रकाने. पाच-सात ओळी खाली गेले की रकान्यांची नावे पडद्याबाहेर जातात आणि उरतात नुसते चार आकडी भाव. समोरचा आकडा कमाल भावाचा की सर्वसाधारण भावाचा, हे कळेनासे होते. कमाल भाव एखाद्या निवडक ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. ट्रॅक्टर कोणत्या बाजारात न्यायचा, हे निफाडचा शेतकरी सर्वसाधारण भाव पाहून ठरवतो. इथे शीर्षकाची ओळ चिकटून राहणे ही सजावट नव्हे.

यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, ‘पोझिशन: स्टिकी’ हा नियम आहे. ‘टॉप: 0’ अशी हद्द दिली की घटक आपल्या जागी असतो तोवर साधा वागतो आणि हद्द गाठली की तिथे थांबतो. त्याला सामावणारा खोका संपला की त्याच्याबरोबर निघून जातो. फायरफॉक्समध्ये हा नियम 2014 साली 32 व्या आवृत्तीत आला, क्रोममध्ये 2017 साली 56 व्या आवृत्तीत. त्याआधी हेच काम स्क्रिप्टने करावे लागे. घटक हद्दीवर आला की त्याला ‘फिक्स्ड’, म्हणजे पडद्यावर एका जागी स्थिर, करायचे, त्याची रिकामी झालेली जागा भरायला खाली खोटा खोका ठेवायचा आणि वर जाताना सगळे उलट करायचे.

‘स्टिकी’ लिहिले पण चिकटतच नाही, ही तक्रार हमखास ऐकू येते. कारण बहुतेक वेळा वरच्या एखाद्या खोक्यावर लावलेल्या ‘ओव्हरफ्लो’च्या, म्हणजे खोक्यात न मावणाऱ्या मजकुराचे काय करायचे हे सांगणाऱ्या, नियमात सापडते. भावाचा तक्ता मोबाइलवर रुंदीत मावत नाही, म्हणून त्याला आडवा सरकणारा खोका दिला जातो. खोका एका दिशेने सरकता केला की ब्राउझर त्याला दुसऱ्या दिशेनेही सरकता मानतो. मग शीर्षक पानाच्या माथ्याशी न चिकटता त्या खोक्याच्या माथ्याशी चिकटते आणि खोका पानाबरोबर वर निघून गेल्याने काहीच घडलेले दिसत नाही. अशा वेळी खोक्याला पडद्याच्या अंदाजाने कमाल उंची देऊन तक्ता त्याच्या आतच उभा सरकवणे हा सरळ मार्ग. शीर्षकाच्या चौकटींना पार्श्वभूमीचा भरीव रंग द्यायचा, नाहीतर खालून सरकणारे आकडे अक्षरांतून डोकावतात. आणि तक्त्याच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या असतील तर शीर्षक चिकटते, रेषा मात्र खाली निघून जातात.

हीच सोय विभागांच्या मथळ्यांनाही लागू पडते. सिंहस्थात वैष्णव आखाड्यांचे स्नान नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाड्यांचे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर होते. 2015 मध्ये पहिली दोन शाही स्नाने दोन्हीकडे एकाच दिवशी होती. तिसरे मात्र नाशिकला 18 सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला 25 सप्टेंबरला झाले. एकाच पानावर दोन्ही ठिकाणांचे वेळापत्रक असेल आणि मथळा वर निघून गेला असेल, तर भाविकाची आठवड्याची चूक होऊ शकते. विभाग बदलला की ‘रामकुंड’ हा चिकटलेला मथळा ढकलून त्याच्या जागी ‘कुशावर्त’ येणे, यासाठी स्क्रिप्टची एक ओळही लागत नाही.

स्क्रोलवर नजर

ब्राउझर प्रत्येक सरकण्याची खबर ‘स्क्रोल’ या घटनेने देतो. जेक्वेरी ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, 2006 मध्ये आल्यानंतर या घटनेला कोड जोडणे फारच सोपे झाले: पान 300 पिक्सेल सरकले का पाहा, सरकले असेल तर बटण दाखवा. अडचण अशी, की ही घटना सेकंदाला डझनावारी वेळा घडते. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्रासाठी जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात आणि त्यातच मांडणी, रंगकाम आणि हा कोड उरकायचा असतो. 2011 च्या सुरुवातीला ट्विटरचे पान स्क्रोल करताना अडखळू लागले, तेव्हा जेक्वेरीचे निर्माते जॉन रेसिग यांनी त्याची जाहीर चिकित्सा केली. प्रत्येक स्क्रोल घटनेला पानातले घटक नव्याने शोधणारा कोड तिथे जोडलेला होता. घटना घडली की फक्त ‘सरकले’ अशी खूण करावी आणि खरे काम दर 250 मिलिसेकंदांनी तपासून करावे, असा त्यांचा सल्ला होता. आयफोनवर तर आयओएस 8 येईपर्यंत पान सरकत असताना ही घटना मिळतच नसे, सरकणे थांबल्यावर मिळे. तिथे सगळे परिणाम उशिरा आणि झटक्याने दिसत.

2016 मध्ये क्रोमच्या 51 व्या आवृत्तीत इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर आला, 2017 मध्ये फायरफॉक्समध्ये आणि 2019 मध्ये सफारीत. यात स्क्रिप्ट स्वतः मोजत बसत नाही. अमुक घटक पडद्याच्या चौकटीत इतका शिरला किंवा चौकटीतून बाहेर पडला की कळव, एवढेच ती ब्राउझरला सांगून ठेवते. नाशिककर गोदावरीचा पूर असाच मोजतात. पाणी किती फूट चढले हे कुणी विचारत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, अशा खुणा ओलांडल्या की बातमी होते आणि मधल्या चढ-उताराची कुणी दखल घेत नाही. ऑब्झर्व्हरमधला ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे या खुणा. 0 म्हणजे घटकाची कड लागली, 0.5 म्हणजे निम्मा आत आला, 1 म्हणजे पूर्ण आला. ‘रूट मार्जिन’ने चौकटच मोठी किंवा लहान करता येते. फोटो पडद्यावर येण्याच्या 200 पिक्सेल आधीच मागवायला सुरुवात करायची असेल तर ती खालून तेवढी वाढवतात. निव्वळ फोटोंसाठी मात्र आता एवढेही करायला नको. 2019 पासून क्रोममध्ये आणि पुढे इतर ब्राउझरांतही ‘लोडिंग’ या गुणधर्माला ‘लेझी’ हे मूल्य दिले की भागते.

‘वर जा’ बटणासाठी एक छोटी युक्ती चांगली चालते. पानाच्या सुरुवातीला एक पिक्सेलचा रिकामा घटक ठेवायचा आणि तो चौकटीबाहेर गेला की बटण दाखवायचे. पिक्सेलांचे गणित उरत नाही. देवनागरी पानांना तर याचा विशेष फायदा. मात्रा, उकार, वेलांट्या यांच्यासाठी ओळीची उंची जास्त ठेवावी लागते आणि ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ सारखे नाव अरुंद फोनवर दोन ओळींत जाते. पट्टी 60 पिक्सेलची धरून लिहिलेला कोड मग तिथेच फसतो.

परत येणारी पट्टी

खाली जाताना लपणारी आणि वर वळताच परत येणारी पट्टी 2013 च्या सुमारास हेडरूम या छोट्या लायब्ररीमुळे लोकप्रिय झाली. हे काम ऑब्झर्व्हरचे नाही, कारण त्याला खुणा कळतात, दिशा नाही. आधीची जागा आणि आताची जागा यांची तुलना स्क्रिप्टलाच करावी लागते. ही तुलना अगदी काटेकोर ठेवली तर अंगठ्याच्या बारीक थरथरीनेही पट्टी आत-बाहेर करत राहते, म्हणून काही पिक्सेलांची सूट ठेवतात. आयफोनवर पान माथ्याला पोचून ताणले जाते तेव्हा जागा उणे आकड्यात जाते आणि तळाशी ताणून परत येताना वाचक वर वळला असे कोडला वाटते. ही दोन्ही टोके वेगळी हाताळावी लागतात.

त्याहून वाईट घोटाळा पट्टी लपल्याने पानाची उंची बदलते तेव्हा होतो. उंची कमी झाली की पान आपोआप सरकते, सरकले की घटना घडते, घटनेने पट्टी परत येते, पट्टी आली की उंची वाढते, आणि बोट न लावता पट्टी लुकलुकत राहते. पट्टी मजकुरातून काढायची नाही, ‘ट्रान्सफॉर्म’ने तिला तिच्या उंचीइतकी वर ढकलायची, की हे चक्र सुरूच होत नाही. मांडणी पुन्हा न मोजल्याने स्क्रोलही गुळगुळीत राहतो, आणि गुगलने 2020 मध्ये पानांच्या दर्जासाठी जाहीर केलेल्या मापांपैकी मांडणी हलण्याच्या मापातही ते मोजले जात नाही. त्या मापात 0.1 पर्यंत चांगले समजतात.

लपवणे म्हणजे काय

डोळ्यांना न दिसणे आणि पानात नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘डिस्प्ले: नन’ने घटक जागेसकट जातो, स्क्रीन वाचकालाही, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही, मिळत नाही. ‘व्हिजिबिलिटी: हिडन’ने जागा राहते, पण घटक क्लिक होत नाही आणि वाचलाही जात नाही. ‘ओपॅसिटी: 0’ने घटक फक्त पारदर्शक होतो. जागा तीच, क्लिक चालू, कीबोर्डचा टॅब त्यावर थांबतो आणि टॉकबॅक किंवा एनव्हीडीए यांसारखा स्क्रीन वाचक तो वाचूनही दाखवतो. ‘वर जा’चे बटण केवळ पारदर्शक केलेले असेल तर कोपऱ्यातल्या दुव्यावर बोट टेकवणारा वाचक अचानक पानाच्या माथ्यावर जाऊन पडतो, आणि आपण काय केले ते त्याला उमगतही नाही. पडद्याबाहेर ढकललेल्या मेन्यूचेही तेच: टॅब दाबत गेले की निवडलेला घटक दाखवणारी खूण कुठेतरी अदृश्य जागी भटकते. म्हणून हळूहळू विरणाऱ्या घटकाला शेवटी ‘व्हिजिबिलिटी’नेही लपवायचे, किंवा त्याला क्लिक, टॅब आणि स्क्रीन वाचक यांच्यापासून दूर ठेवणारा ‘इनर्ट’ हा गुणधर्म द्यायचा.

उलट बाजूने, चिकटलेली पट्टी दुसऱ्या गोष्टी लपवते. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या सुगम्यता निकषांत यासाठी स्वतंत्र कलम आहे: कीबोर्डने निवडलेला घटक अशा पट्ट्यांखाली पूर्ण झाकला जाता कामा नये. पानाच्या आतल्या ‘स्नानाच्या तारखा’ अशा दुव्यावर गेले की नेमका मथळाच पट्टीखाली जातो, हा त्याचाच रोजचा नमुना. पान सरकवताना वर किती जागा सोडायची हे सांगणाऱ्या ‘स्क्रोल पॅडिंग टॉप’ला पट्टीइतके मूल्य दिले की दोन्ही भानगडी मिटतात.

उगवणारा मजकूर

परिच्छेद आधी अदृश्य ठेवून पान तिथे पोचल्यावर तो खालून सरकत आणायचा, ही जाहिरातीच्या पानांची आवडती पद्धत. चित्रकथेसारख्या पत्रकारितेत स्क्रोलचा असा वापर फळला आहे. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2012 मध्ये हिमस्खलनावर प्रसिद्ध केलेल्या वृत्तकथेला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. पण माहितीच्या पानावर ही हौस महागात पडते. मजकूर सुरुवातीला सीएसएसने अदृश्य केलेला आणि दाखवण्याचे काम स्क्रिप्टकडे असेल, तर घाटावरच्या गर्दीत नेटवर्क कोलमडून स्क्रिप्ट न उतरल्यास पान कोरेच राहते. कागदावर छापले तरी खालचे परिच्छेद गायब. अदृश्यतेचा नियम स्क्रिप्ट चालू झाल्यावरच लागू करावा, म्हणजे बिघाड झाला तरी मजकूर उरतो. हालचालींनी चक्कर किंवा मळमळ होणाऱ्यांसाठी ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’ ही पसंती ब्राउझर कळवतो. ती असेल तिथे सरकवणे पूर्ण वगळायचे.

2023 मध्ये क्रोमच्या 115 व्या आवृत्तीत स्क्रोलला थेट जोडलेली सीएसएस ॲनिमेशने आली, 2025 मध्ये सफारी 26 मध्येही. ‘ॲनिमेशन टाइमलाइन’ला ‘स्क्रोल’ किंवा ‘व्ह्यू’ दिले की वेळेऐवजी पानाची जागा ॲनिमेशन पुढे नेते आणि बोट मागे घेतले की ते उलटे जाते. वाचनाची प्रगती दाखवणारी बारीक पट्टी यात चार ओळींत होते. जिथे हे चालत नाही तिथे ‘सपोर्ट्स’च्या, म्हणजे ब्राउझरला ही सोय येत असेल तरच लागू होणाऱ्या, अटीखाली ते ठेवल्याने पान साधे पण पूर्ण दिसते.

थोडे खाली गेले की मजकुरावर पसरणारी वर्गणीची किंवा ॲप उतरवण्याची खिडकी हाही याच तंत्राचा उपयोग, आणि सर्वांत नावडता. शोधातून येणाऱ्या वाचकापुढे अशी खिडकी टाकणाऱ्या मोबाइल पानांचा क्रम खाली नेण्याचे धोरण गुगलने जानेवारी 2017 पासून लागू केले. तळाशी चिकटणाऱ्या पट्ट्या त्या मानाने सोसवतात, फक्त ब्राउझरची स्वतःची पट्टी आक्रसली की त्या उडी मारतात. पडद्याची उंची पट्टीसकट, पट्टीविना आणि बदलती अशी तीन प्रकारे मोजणारी नवी एकके 2022 मध्ये सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिन्हींत आली. पूर्ण पडदा व्यापणारे घटक बसवताना आता तीच वापरतात.