आधी पार्किंग, मग सभागृह

लॉस एंजेलिसमधल्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलचं पार्किंग सभागृहाच्या सात वर्षं आधी बांधून झालं. १९९६ साली जमिनीखाली सहा मजले तयार होते, २१८८ गाड्यांचे, खर्च ११ कोटी डॉलर. वर संगीत सुरू झालं ते २००३ मध्ये. पार्किंगसाठी काढलेलं कर्ज फिटायचं तर गाड्या येत राहायला हव्यात, म्हणून दर हिवाळी हंगामात किमान १२८ कार्यक्रम करण्याची अट भाडेकरारातच आली. मैफली किती व्हाव्यात, हे पार्किंगने ठरवलं.

इमारतीसोबत पार्किंगही बांधायच्या सक्तीची सुरुवात अमेरिकेत १९२३ साली ओहायोतल्या कोलंबसला झाली. सदनिका बांधायच्या तर गाड्यांची सोयही करा, असा तो नियम. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने हॉटेलं आणि रुग्णालयं त्यात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो देशभर पसरला. रस्त्यावरची फुकट जागा भरते, शेजारी तक्रार करतात, मग बांधणाऱ्यानेच आवारात जागा सोडावी, हे ऐकायला रास्तच वाटतं. पण येण्याजाण्याच्या वाटेसकट एका गाडीला सुमारे ३०० चौरस फूट लागतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला तेवढंच घर मिळतं! शिवाय किती जागा सोडायच्या याचे आकडे बहुतेकदा उपनगरांतून आलेले, जिथे पार्किंग फुकट आणि बस जवळपास नाहीच. तेच जुन्या, दाट वस्तीला लावले गेले. लहान भूखंडावर चार घरं किंवा कोपऱ्यावरचं दुकान बसेना. इमारती एकमेकींपासून लांब गेल्या, चालत जाणं अवघड झालं, म्हणून गाडी लागली, आणि गाडीला पुन्हा जागा.

हे चक्र सर्वात चिकाटीने उलगडून दाखवलं ते लॉस एंजेलिसमधल्याच कॅलिफोर्निया विद्यापीठातले (यूसीएलए) प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी. सॅन फ्रान्सिस्कोचा डेव्हिस हॉल, तोही संगीताचाच, स्वतःच्या पार्किंगशिवाय बांधला गेला. कार्यक्रम सुटला की श्रोते रस्त्यावर येतात, उपाहारगृहांत, पुस्तकांच्या दुकानांत शिरतात. डिस्ने हॉलचे बरेच श्रोते सरकत्या जिन्याने थेट गाडीपाशी उतरतात. पुण्यामुंबईत तळमजल्यावर फक्त खांब आणि गाड्या असलेल्या इमारतींच्या रांगेतून संध्याकाळी चालून पाहा, हा फरक लगेच जाणवेल.

१९९९ मध्ये लॉस एंजेलिसनेच डाउनटाउनमधल्या रिकाम्या पडलेल्या जुन्या बँका आणि कचेऱ्यांची घरं करताना नव्या पार्किंगची अट काढली. पुढच्या काही वर्षांत तिथे हजारो कुटुंबांची सोय झाली. इमारती जुन्याच होत्या, अडवत होता तो नियम. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने शहरभरची सक्ती उठवली आणि २०२२ साली कॅलिफोर्नियाने मोठ्या बस-रेल्वे थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत ती जवळजवळ संपवणारा कायदा केला.

शूप २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. हा कायदा झालेला त्यांना पाहता आला, याचं मला फार समाधान वाटतं.