बॅकअप राबतोय की अडकलाय?

टास्क मॅनेजरमध्ये बॅकअपची प्रोसेस सगळ्यात वर, पंखा घोंघावतोय, बाकी सगळं संथ. अशा वेळी दोन शक्यता असतात. बॅकअप खरोखर राबत असेल, किंवा एकाच जागी फेऱ्या मारत असेल. सीपीयूचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून नुसत्या त्यावर निदान करू नये.

राबणाऱ्या बॅकअपला काम भरपूर असतं. फाइल वाचायची, तिचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६सारखा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढून तो आधीच साठवलाय का ते बघायचं, नसेल तर कॉम्प्रेस आणि एन्क्रिप्ट करायचा. लोकांचा संशय आधी एन्क्रिप्शनवर जातो, पण आजच्या बहुतेक प्रोसेसरांत एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी हार्डवेअरमध्येच सोय असते. सीपीयू जास्त खातं ते कॉम्प्रेशन, त्यातही वरची लेव्हल. पहिला पूर्ण बॅकअप असेल तर हे तासन्‌तास चालू शकतं, आणि त्यात बिघडलेलं काहीच नसतं.

अडकलेला बॅकअप ओळखायचा तर सीपीयू सोडून डिस्क बघा. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटरचा डिस्क टॅब, लिनक्सवर ‘आयओटॉप’. बाइट वाचले-लिहिले जात असतील तर बहुधा काम चालू आहे. सीपीयू चढलेला, पण डिस्क आणि नेटवर्क दोन्ही बराच वेळ शून्यावर, तर काहीतरी अडलंय. लॉगवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीवर, मात्र डोळे मिटून विश्वास नको. व्हर्च्युअल मशीनची शेकडो जीबीची एक फाइल वाचताना लॉगची शेवटची ओळ तासभर तीच राहते आणि बॅकअप मजेत चालू असतो. उलट, एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा आपटणारा बॅकअप लॉग भराभर भरत असतो.

टक्केवारीचाही घोळ आहे. ८ लॉजिकल कोअरच्या मशीनवर एक थ्रेड (एका वेळी एकाच कोअरवर चालणारा कामाचा धागा) पूर्ण ताकदीने चालला की टास्क मॅनेजर साधारण १२-१३ टक्के दाखवतो. लिनक्सचं ‘टॉप’ त्यालाच १०० म्हणतं. हा आकडा तासभर तसूभरही हलला नाही की लूपचा, म्हणजे एकाच जागी फिरण्याचा, संशय येतो खरा, पण जीझिप हे कॉम्प्रेशनचं टूल एकाच थ्रेडवर चालतं, त्यामुळे तेही हुबेहूब असंच दिसतं.

सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे बाइट हलतायत आणि तरी बॅकअप संपत नाही. बॅकअपचं ठिकाण स्रोत फोल्डरच्या आतच ठेवलं असेल, तर तो स्वतःचाच बॅकअप घेत बसतो. किंवा विंडोजमधल्या जंक्शनचा, म्हणजे एका फोल्डरातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या दुव्याचा, घोळ असतो. ‘ॲपडेटा’तल्या ‘लोकल’ फोल्डरात ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाचं एक जंक्शन जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलेलं असतं, आणि ते परत ‘लोकल’कडेच नेतं. लॉगमधल्या पाथमध्ये तेच नाव ओळीने चार वेळा दिसलं की चोर सापडला. शिवाय अँटिव्हायरसची प्रोसेसही त्याच वेळी चढलेली असेल, तर बॅकअप वाचतो ती प्रत्येक फाइल तोही तपासतोय.

उपाय दोघांचे वेगळे. राबणाऱ्याची कॉम्प्रेशन लेव्हल उतरवा, वेळ रात्रीची करा, प्रायॉरिटी कमी करा. प्रायॉरिटीने आकडा उतरेलच असं नाही. मशीन मोकळं असेल तर प्रोसेस तेवढाच सीपीयू घेईल, फक्त दुसऱ्याला हवा झाला की बाजूला होईल. ‘रेस्टिक’ हा बॅकअप प्रोग्रॅम वापरत असाल तर ‘गोमॅक्सप्रॉक्स’ हे व्हेरिएबल लावून कोअरच मर्यादित करता येतात. अडकलेल्यावर यातलं काहीच चालत नाही. तिथे आधी लॉग बाजूला काढून ठेवा, मग प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बटणाने थांबवा, दोषी फोल्डर वगळा आणि पुन्हा चालवा. जबरदस्तीने मारलाच, तर मागे लॉक (बॅकअप चालू असल्याची खूण) उरलंय का बघा. दुसरा बॅकअप चालू नाही याची खात्री करूनच ते काढा आणि रिपॉझिटरीची, म्हणजे बॅकअप साठवलेल्या जागेची, तपासणी एकदा चालवा.