टेस्लाचा शेअर इतका का हेलकावतो? त्यामागची पार्श्वभूमी

२०२२ साली टेस्लाने १३ लाखांहून अधिक गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. आदल्या वर्षापेक्षा ही संख्या सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होती. नफाही दुपटीहून वाढून साडेबारा अब्ज डॉलरवर गेला. त्याच वर्षी शेअर ६५ टक्क्यांनी कोसळला. दोन वर्षांनी नेमके उलटे झाले. २०२४ मध्ये गाड्यांची वार्षिक विक्री बऱ्याच वर्षांनी प्रथमच, किंचित का होईना, घटली आणि शेअर मात्र वर्षभरात ६० टक्क्यांहून अधिक वधारला. या शेअरमध्ये पैसे घालण्याचा विचार करणाऱ्याने आधी या विसंगतीचे मूळ शोधावे, असे मला मनापासून वाटते. ते मूळ ताज्या बातम्यांत सापडत नाही. कंपनी कोणाच्या पैशावर आणि कशी उभी राहिली, त्यात ते आहे.

जुलै २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग या दोघा अभियंत्यांनी कॅलिफोर्नियात विजेवर चालणाऱ्या गाड्यांची ही कंपनी स्थापन केली. पुढच्या वर्षी इलॉन मस्क यांनी पहिल्या मोठ्या भांडवल फेरीतला बहुतांश पैसा घातला आणि ते अध्यक्ष झाले. २००८ मध्ये पहिली गाडी, रोडस्टर, रस्त्यावर आली, पण त्याच वर्षी जागतिक वित्तसंकट कोसळले आणि तिजोरी रिकामी झाली. नाताळच्या आदल्या दिवशी कशीबशी भांडवलाची एक फेरी पूर्ण झाली, म्हणून कंपनी वाचली. २००९ मध्ये जर्मन मोटार कंपनी डाइमलरने ५ कोटी डॉलर घातले आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले.

२९ जून २०१० रोजी टेस्लाचा शेअर १७ डॉलर भावाने बाजारात आला. १९५६ साली फोर्डची भागविक्री झाली, त्यानंतर अमेरिकी मोटार कंपनीची ही पहिलीच. पहिल्या दिवशी शेअर ४१ टक्के वर बंद झाला. तोवर कंपनीने जेमतेम हजारभर गाड्या विकल्या होत्या आणि एकाही तिमाहीत नफा दाखवलेला नव्हता. म्हणजे पहिल्याच दिवशी लोकांनी जे विकत घेतले, ते पुढे कधीतरी उभी राहणारी कंपनी होती. (जुने भाव वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. २०२० मध्ये एका शेअरचे पाच झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा एकाचे तीन. त्यामुळे तेव्हाचे १७ डॉलर म्हणजे आजच्या हिशेबाने १ डॉलर १३ सेंट. जुनी बातमी आणि आजचा तक्ता शेजारी ठेवून गोंधळलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत.)

मोटारीचा कारखाना भांडवल गिळतो. साचे, छापयंत्रे, रंगशाळा, बॅटरीची साखळी या सगळ्यावर पहिली गाडी बाहेर पडण्याआधीच पैसा ओतावा लागतो. जुन्या मोटार कंपन्यांकडे त्यासाठी चालू धंद्यातला नफा होता; टेस्लाकडे काहीच नव्हते. म्हणून तिने शेअर बाजारालाच आपली बँक केले. माझ्या मते या शेअरच्या साऱ्या अस्थिरतेची गुरुकिल्ली इथे आहे. इतर कंपन्यांत धंदा कसा चाललाय त्यावर भाव ठरतो. टेस्लात बराच काळ भाव काय आहे त्यावर धंदा ठरत होता. भाव चढा असेल तर थोडे शेअर विकून भरपूर पैसा उभा राहतो, कारखाना होतो आणि ज्या आशेने भाव चढला होता ती खरी ठरते. भाव पडला की तीच साखळी उलटी फिरते. मग एखादी बरीवाईट बातमी त्या तिमाहीपुरती उरत नाही, कंपनी जगेल की नाही याचाच कौल देऊ लागते.

२०१३ मध्ये हे प्रथम ठळकपणे दिसले. मॉडेल एस या गाडीच्या जोरावर पहिला तिमाही नफा जाहीर झाला आणि शेअर उसळला. त्या उसळीचा फायदा घेऊन मे महिन्यात कंपनीने नवे शेअर आणि रोखे विकले आणि सरकारी कर्ज मुदतीच्या नऊ वर्षे आधी फेडून टाकले. त्या वर्षअखेर शेअर चौपटीहून वर होता. पण मधल्या शरद ऋतूत काही मॉडेल एस गाड्यांना अपघातानंतर आग लागली, तेव्हा तो झपाट्याने खालीही आला होता.

उलटी बाजू २०१७ ते २०१९ या काळात समोर आली. मार्च २०१६ मध्ये मॉडेल ३ दाखवली गेली, तेव्हा आठवडाभरात सव्वातीन लाख लोकांनी हजार हजार डॉलर भरून नोंदणी केली. गाडी वेळेवर तयार होईना. फ्रीमाँटच्या कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून जुळणी सुरू करावी लागली. आपण दिवाळखोरीपासून साधारण महिनाभर अंतरावर होतो, असे मस्क यांनी नंतर सांगितले. मंदीवाल्यांची, म्हणजे भाव पडेल अशी पैज लावणाऱ्यांची, तर झुंबड उडाली होती. बाजारात फिरणाऱ्या शेअरपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त शेअर उसने घेऊन विकलेले होते. त्यातच मार्च २०१९ मध्ये ९२ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअरमध्ये बदलता येणारे कर्ज, फेडायची वेळ आली. शेअर ३५९.८७ डॉलरच्या वर असता, तर रोखेधारकांचे देणे शेअर देऊन भागवता आले असते. भाव खाली राहिला आणि सगळी रक्कम रोखीत मोजावी लागली. भाव हाच या कंपनीचा कच्चा माल कसा होता, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. जूनपर्यंत शेअर १७७ डॉलरपर्यंत उतरला, म्हणजे आजच्या हिशेबाने १२ डॉलरच्या खाली.

मग चक्र फिरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अनपेक्षित नफा जाहीर झाला आणि शांघायचा कारखाना वर्षभराच्या आत गाड्या काढू लागला. मंदीवाल्यांना तोट्यात शेअर परत विकत घ्यावे लागले आणि त्यांच्याच खरेदीने भाव आणखी चढला. २०२० मध्ये शेअर ७४३ टक्क्यांनी वाढला. कंपनीने त्या एका वर्षात तीन वेळा नवे शेअर विकून सुमारे १२ अब्ज डॉलर उभे केले. पूर्ण वर्षाचा पहिला नफाही तेव्हाच झाला, ७२.१ कोटी डॉलरचा. मात्र इतर मोटार कंपन्यांना प्रदूषण नियमांसाठीची क्रेडिट विकून आलेली रक्कमच १५८ कोटी होती, ती वजा केली तर तोटा उरतो.

पण त्या वर्षीही वाट सरळ नव्हती, आणि गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. ५ फेब्रुवारीला शेअर एका दिवसात १७ टक्के पडला. मार्चमध्ये, साथीच्या धक्क्यात, फेब्रुवारीच्या शिखरापासून ६० टक्क्यांहून खाली गेला. १ मे रोजी मस्क यांनी ‘शेअरचा भाव फारच जास्त आहे’ अशा अर्थाचे ट्विट केले आणि १० टक्के गेले. ८ सप्टेंबरला, अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात कंपनीला घेतले नाही म्हणून, २१ टक्के गेले. त्या वर्षीची सातशे टक्क्यांची वाढ कागदावर सगळ्यांना दिसते. ती पदरात पडली ती हे चारही धक्के हातातले शेअर न विकता सोसणाऱ्यांच्या. डिसेंबरमध्ये निर्देशांकात प्रवेश झाला आणि निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडांना हा शेअर घेणे भागच पडले. कॉल ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क विकत घेण्याचे, सौदेही याच काळात अफाट वाढले. ऑप्शन विकणारे दलाल जोखीम झाकण्यासाठी चढत्या भावात शेअर घेतात आणि उतरत्या भावात विकतात, त्यामुळे जी लाट असेल ती आणखी उंच होते.

उरला एक माणूस. ७ ऑगस्ट २०१८ रोजी मस्क यांनी कंपनी तेव्हाच्या हिशेबाने ४२० डॉलर भावाने खासगी करण्याचा विचार असून निधीची तजवीज झाल्याचे ट्विट केले. तशी पक्की तजवीज नव्हती. अमेरिकी बाजार नियामकाने खटला भरला, मस्क आणि टेस्ला यांनी प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड भरला आणि मस्क यांना अध्यक्षपद सोडावे लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरपलीकडे गेले. पुढच्या वर्षी मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतले आणि त्यासाठी टेस्लाचे शेअर पुन्हा पुन्हा विकले. व्याजदर वाढत होते, चीनमध्ये गाड्यांच्या किमती उतरवाव्या लागत होत्या आणि सर्वात मोठा भागधारकच विक्रीला बसला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये आजच्या हिशेबाने ४१० डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी २०२३ मध्ये १०२ पर्यंत उतरला.

टेस्लाच्या यशावरून इतरांनाही माप लावले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ७८ डॉलरला बाजारात आलेली विजेच्या गाड्यांची कंपनी रिव्हियन आठवड्याभरात बाजारमूल्यात फोर्डपेक्षा महाग ठरली आणि पुढे त्या भावाच्या कितीतरी खाली गेली. लॉर्ड्सटाउन, फिस्कर आणि निकोला या अशाच कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. २०२० मध्ये ‘पुढची टेस्ला’ म्हणून यांचे शेअर घेणाऱ्या माणसांबद्दल मला खरोखर वाईट वाटते. एका वाचलेल्या कंपनीकडे पाहून त्यांनी आडाखा बांधला होता.

आता टेस्लाला जगण्यासाठी शेअर विकावे लागत नाहीत. पण भावातली आशा गाड्यांवरून चालकाविना धावणाऱ्या टॅक्सींवर आणि यंत्रमानवांवर सरकली आहे. वर्षभरात दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील, असे मस्क यांनी एप्रिल २०१९ मध्येच सांगितले होते. ऑस्टिनमध्ये मोजक्या गाड्यांची सेवा सुरू झाली ती जून २०२५ मध्ये, शेजारच्या सीटवर देखरेखीचा माणूस बसवून. दुसऱ्या दिवशी शेअर ८ टक्के चढला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला मस्क आणि ट्रम्प यांच्या भांडणात तो १४ टक्के पडला होता. आणि २ जुलैला तिमाहीतली विक्री १३ टक्क्यांहून अधिक घटल्याचे कंपनीने जाहीर केले, तेव्हा तो सुमारे ५ टक्के वर बंद झाला, कारण बाजाराने याहून वाईट आकडा धरला होता.