सिलिंडरखाली सापडलेलं नख

भरलेलं घरगुती सिलिंडर जवळपास 30 किलोचं असतं. त्यातला गॅस 14.2 किलो, बाकीचं लोखंड. ते किंचित तिरकं करून, बुडाच्या कड्यावर फिरवत ओट्याखाली न्यायचं, हे मी वर्षानुवर्षं करत आलो. फेब्रुवारीत एकदा ते हातातून निसटलं आणि उजव्या हाताचं मधलं बोट कडं आणि लादी यांच्यामध्ये सापडलं. थोड्याच वेळात नख जांभळं झालं, रात्रीपर्यंत काळं.

बोट नळाखाली धरलं, मग फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकलं, तरी ठणका थांबेना. नखाखालच्या नाजूक मांसाला मराठीत जिव्हाळी असा नेमका शब्द आहे. तिच्यावर नखाचं कडक झाकण आणि खाली जवळजवळ लगेच बोटाचं हाड. मांडीला मुका मार लागला तर रक्त आजूबाजूला पसरतं. इथे पसरायला जागाच नाही, त्यामुळे साकळलेलं रक्त जिव्हाळीला दाबत राहतं आणि प्रत्येक ठोक्याला कळ येते. हात खाली सोडला की दाब वाढतो, वर धरला की जरा बरं वाटतं. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा हात वर करून मी रात्र काढली.

सकाळी डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला, कारण असं बोट चिरडलं की टोकाचं हाडही कधीकधी मोडतं. हाड शाबूत होतं. मग ते म्हणाले, नखाला भोक पाडू. ऐकूनच घाम फुटला, पण भोक पाडताना काहीच कळलं नाही. नख म्हणजे केराटिन या कडक प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे घट्ट थर, त्यात नसा नसतात. काळपट रक्त बाहेर आलं आणि ठणका एकदम ओसरला. हा उपाय पहिल्या एक-दोन दिवसांतच कामाचा, नंतर रक्त गोठतं आणि दुखणंही आपोआप उतरतं. घरी सुई तापवून हा प्रयोग मात्र करू नये. खाली हाड मोडलेलं असेल, तर आपण जंतूंना थेट हाडापर्यंत वाट करून देतो.

आता नवं नख कधी? नख टोकाला वाढत नाही, मागून पुढे सरकतं. ते तयार होतं नखमुळात, म्हणजे बोटाच्या कातडीखाली दडलेल्या भागात. नखाच्या बुडाशी दिसणारी पांढरट चंद्रकोर हे त्याच नखमुळाचं पुढचं टोक. तिथून हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर पुढे येतं, पायाचं त्याच्या निम्म्याच वेगाने. म्हणून हाताचं नख पूर्ण यायला चार ते सहा महिने लागतात आणि पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष-दीड वर्ष.

विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हा वेग स्वतःच्या डाव्या अंगठ्यावर तब्बल 35 वर्षं मोजला. नखाच्या बुडाशी कानशीने बारीक खूण करायची आणि ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते लिहून ठेवायचं. वयाच्या 32व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढत होतं, 67व्या वर्षी 0.095. हा निबंध 1980 साली छापून आला. मला अशी खूण डॉक्टरांनी आयतीच करून दिली होती. नखाच्या मधोमध पाडलेलं ते भोक एप्रिलअखेर टोकाला आलं आणि नेलकटरने कापलं गेलं.

नख पूर्ण निघालंच, तर सुमारे तीन आठवडे नवं नख पुढे सरकत नाही, नुसतं मागे जाडसर होत राहतं. 'नख यायचं थांबलं' म्हणून लोक घाबरतात ते याच काळात. उघडी पडलेली जिव्हाळी आठ-दहा दिवसांत निबर होते. तोवर रोज साबणाच्या पाण्याने धुवायचं, हलकं टिपायचं, पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा आणि वर न चिकटणारी पट्टी. साधा कापूस किंवा गॉज जिव्हाळीला असा चिकटतो की काढताना पुन्हा जखम होते. चुकून चिकटलाच, तर पाण्यात भिजवून सोडवावा. कातडी फाटली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं.

अर्धवट सुटलेलं नख ओढून काढायचा मोह फार होतो. ओढू नये. जुनं नख हे फुकटचं झाकण असतं. टॉवेलच्या धाग्यात, केसांत अडकणारी सुटी कड तेवढी कापावी, बाकीचं कागदी चिकटपट्टीने बसवून ठेवावं.

खरा त्रास पाण्याचा. नख पाणी शोषून मऊ पडतं आणि सुटलेल्या नखाखालची ओल तर बुरशीला आणि जंतूंना हवीच असते. नख हिरवट दिसायला लागलं तर बहुतेकदा स्यूडोमोनास हा जिवाणू तिथे मुक्कामाला आलेला असतो. कडेची कातडी लाल होऊन ठुसठुसली, तर ते नखुरडं. आमच्याकडे भांडी माझ्याकडे असतात, त्यामुळे रबरी हातमोजे आले, आत सुती मोजे घालून. आईने हळद भरायला सांगितली होती. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, म्हणून तिला दूधच करायला सांगितलं. ते प्यायलो.

'कॅल्शियम घे' हा सल्ला तर घरोघरी मिळतो. नखाचा कडकपणा केराटिनमुळे असतो, कॅल्शियम त्यात अगदी नगण्य. नखावरचे पांढरे ठिपकेही बहुधा नखमुळाला बसलेल्या लहानसहान धक्क्यांचे. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी नख धावत येत नाही. उलट त्या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात, तेव्हा घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा.

बोटाचं टोक सरळ होत नसेल, लाली वर चढत असेल, मधुमेह असेल किंवा लहान मुलाचं बोट दारात चेंगरलं असेल, तर घरगुती काही न करता दवाखाना गाठावा. आणखी एक. साकळलेल्या रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. जो काळा डाग किंवा पट्टा महिने गेले तरी जागचा हलत नाही, किंवा मार न लागताच उमटतो, तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे. क्वचित तो कर्करोग असतो.

माझ्या नखावर आता, जुलैत, एक आडवी खाच तेवढी उरली आहे. मार बसल्यावर नखमुळाचं काम काही दिवस मंदावलं, त्याची ही खूण. मोठ्या आजारपणानंतर अशाच खाचा सगळ्या नखांवर उमटतात. फ्रेंच डॉक्टर बो यांनी त्या 1846 साली टिपल्या, म्हणून त्यांना बोच्या रेषा म्हणतात. माझी खाच टोकापासून तीनएक मिलिमीटरवर आहे. ऑगस्टअखेर नेलकटरखाली येईल.