उतरवलेलं वजन परत का येतं? खानदेशातून बघितलेली मागची हकीकत

शुगर निघाली, बीपी निघालं, गुडघे बोलायला लागले की जळगाव असो, धुळं असो की शहादा, डॉक्टर वजन कमी करा म्हणतात आणि हातात एक छापील डाएट चार्ट येतो. सकाळी हे, दुपारी ते, रात्री लवकर आणि थोडं. लोक पाळतात, अगदी मनापासून पाळतात, दोन-तीन महिन्यांत सात-आठ किलो उतरतात, मग लग्नसराई लागते, वरण-बट्टीच्या पंगती बसतात आणि वर्षभरात वजन होतं तिथेच येऊन थांबतं, कधी दोन किलो वरतीच. घरचे म्हणतात तोंडावर ताबा नाही. तो माणूस मग पुन्हा वजनकाट्यावर चढायचंच सोडून देतो. माझं स्पष्ट मत आहे की यात त्याचा दोष फार थोडा आहे आणि हे मी कोणाची समजूत काढायला म्हणत नाहीये, या चार्टचा इतिहास आणि आपल्या खानदेशातल्या रोजच्या दिवसाचा इतिहास शेजारी-शेजारी ठेवला की ते आपोआप दिसतं.

आधी चार्टचं बघू. खाण्याची ऊर्जा कॅलरीत मोजायचं काम अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात केलं, १९१८ च्या सुमारास लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी कॅलरी मोजून खायची कल्पना घराघरात नेली, आणि तेव्हापासून वजन म्हणजे निव्वळ जमाखर्चाचा हिशेब असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. हिशेब चूक नाही, पण अपुरा आहे. १९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड आणि मेव्हिस मॅकलॅरन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात वजनासाठी आलेल्या १०० जणांचा माग काढला, दोन वर्षांनी उतरवलेलं वजन टिकवून असलेले निघाले फक्त दोघं. ९५ टक्के लोकांचं वजन परत येतंच असं जे ठोकून सांगितलं जातं ना, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. पण त्या १०० जणांना मिळालं काय होतं? एक आहाराचा कागद, आणि जा घरी! स्टंकार्ड यांनी स्वतः पुढे हे सांगितलं की त्या काळची पद्धतच तेवढी होती. म्हणजे तो आकडा माणसाच्या जिद्दीचा नव्हता, नुसता कागद हातात देऊन काय होतं त्याचा होता, आणि साठ-पासष्ट वर्षांनी आपण अजूनही बऱ्याच ठिकाणी तोच कागद देतोय.

आता आपल्याकडे या. आपल्या आजी-पणजीच्या पिढीत वजन कमी करणं हा विषयच नव्हता, भीती होती ती भुकेची. १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ, मग १९७२ चा, त्यात खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी आणि बाहेरून आलेली ती लाल मिलो ज्वारी, हे सगळं आजही म्हातारी माणसं सांगतात. अशा मुलखात अंगाने भरलेला माणूस म्हणजे खाता-पिता घरचा, मुलीकडचे स्थळ बघायला गेले तर पोट सुटलेला सासरा बघून त्यांना बरंच वाटायचं. ही नजर एका पिढीत जात नाही, आणि जायला वेळ लागतो म्हणून कोणाला नावं पण ठेवू नयेत.

ताटात काय होतं? दादरची म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, ठेचा, डाळ, भाजी, शेंगदाण्याचं तेल बेताचं कारण ते महाग. गोडधोड आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कानबाईच्या रोटांना, लग्नात. खापरावरचे मांडे म्हणजे तर वर्षातून मोजून काही वेळा. आणि हे खाणाऱ्या बाईचा दिवस उजाडायच्या आधी घरोटावर म्हणजे जात्यावर सुरू व्हायचा, मग पाणी शेंदणं, मग शेतात निंदणी, कापूस वेचणी, आणि गाव ते शेत पायीच. कोणी व्यायाम करत नव्हतं, कारण वेगळा व्यायाम करायला अंगात उरलेलंच काही नसायचं.

हे बदललं ते एका फटक्यात नाही. कापूस आणि रेल्वेने १८६० च्या दशकापासून नगदी पैसा यायला लागला, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले तो हाच काळ, भुसावळ जंक्शन वाढलं, जळगावात तेलगिरण्या आणि डाळमिल आल्या. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा गांधीजी आणि १९३४ मध्ये निघालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ जात्यावरचं पीठ, हातसडीचा तांदूळ आणि गूळ यांचा आग्रह धरत होते, गिरणीतल्या पांढऱ्या तांदळाविरुद्ध बोलत होते. नऊ वर्षांनी, १९४५ मध्ये, तिथून फार लांब नसलेल्या अमळनेरला मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली, जी पुढे विप्रो झाली, आणि तिचा पहिला माल होता वनस्पती तूप. शेंगदाण्याच्या मुलखात कारखाना निघाला, लोकांना काम मिळालं, ते चांगलंच झालं, पण सगळ्या देशात डालडाने आणि अशा तुपाने एक गोष्ट केली, सणाला लागणारी स्निग्धता रोजच्या आवाक्यात आणली. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडावं लागलं.

मग १९६४ ला संकरित ज्वारी आली, हळूहळू रेशनचा गहू-तांदूळ आला, वीज आली तशी गावोगावी पिठाची गिरणी आली आणि घरोट कोपऱ्यात गेला. मला तो परत आणायचाय असं अजिबात नाही, बायांच्या पाठी त्याने मोडल्या होत्या, गिरणी आली ते बरंच झालं. पण रोजचे दीड-दोन तासांचे कष्ट गेले, त्यानंतर हापशी, मग नळ, मग लुना आणि फटफटी, मग फवारणी आणि नांगरणी पण मशीनवर. एकेक गोष्ट सोयीची, सगळ्या मिळून दिवसच बसका झाला. आणि ताट मात्र कष्टाच्या दिवसाचंच राहिलं, उलट वरून तर्री वाढली. शेवभाजी घ्या, आधी बेसनाची तळलेली शेव, ती तेलाच्या रश्श्यात, वर बोटभर तर्री, सोबत आता भाकरीऐवजी चार पोळ्या आणि पाव. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात म्हणजे दोन मोठे चमचे जादा तर्री झाली की अडीचशेच्या आसपास गेलं, आणि तेवढं खर्च व्हायला साधारण तासभर चालावं लागतं. हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांना मी कोणाला नको म्हणणार नाही, ते वांगं, ती शेतातली हिरवी मिरची, त्यासाठी तर माणसं पुण्या-मुंबईहून येतात! अडचण पार्टीची नाही, रोजच्या तेलाची आणि बसण्याची आहे.

आकड्यात बघायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला देशातल्या १२.६ टक्के बायका आणि ९.३ टक्के पुरुष जास्त वजनाचे होते, २०१९-२१ ला ते २४ आणि २२.९ टक्के झाले. पंधरा वर्षांत पुरुषांचं प्रमाण दुपटीच्या वर. एवढ्या लोकांची जिद्द एकाच वेळी कमी झाली असं कोण म्हणेल?

आणि हे बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन बघायच्या मोजपट्टीवरचं झालं. ही पट्टी मुळात बेल्जियमच्या क्वेटेले यांची, १८३० च्या दशकातली, तिला बीएमआय नाव अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, आणि दोघांच्याही डोळ्यासमोर आपण नव्हतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि बाळांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या बारक्या अंगात चरबी मात्र त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला, दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनना ९.१ टक्के आणि याज्ञिकांना २१.२. म्हणून भारतात २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा, आणि कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमी इथेच सावध व्हायचं असं २००९ मध्ये ठरलं. अर्धपोटी आयांच्या पोटी जन्मलेली पिढी पुढे भरल्या ताटावर बसली की काय होतं, याचा विचार खानदेशाने जास्तच करायला हवा, कारण आपल्याकडे सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावला कुपोषण आणि खाली शहरात शुगर, दोन्ही एकाच वेळी चालू आहे.

आता शरीर काय करतं ते. १९४४-४५ मध्ये याच कीज यांनी मिनेसोटात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, वजन साधारण चौथाईने उतरलं, पण माणसं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, आणि नंतर मोकळं खायला मिळाल्यावर कितीही खाल्लं तरी भूक भागेना, चरबी आधीपेक्षा जास्त चढली. १९९५ मध्ये लायबल आणि रोझेनबॉम यांनी मोजून दाखवलं की १० टक्के वजन उतरलं की शरीराचा खर्च हिशेबापेक्षाही जास्त घटतो. चरबीतून निघणारं लेप्टिन हे हार्मोन १९९४ ला सापडलंच होतं, चरबी कमी झाली की ते घटतं आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. २०११ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वर्षभरानंतरही भुकेची हार्मोन्स चढलेलीच होती. ज्या शरीराच्या सात पिढ्या दुष्काळातून तगल्या ते दुसरं काय करणार, तोंडावर ताबा नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

मग कोणाचं टिकतं? १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ बायकांबरोबर वर्षभर काम केलं, आहाराच्या कागदापेक्षा सवयींवर, कधी खातो, कुठे बसून खातो, काय झालं की खातो ते लिहून काढायचं, एकाच जागी बसून खायचं, आणि वजन उतरलं. १९९४ ला रीना विंग आणि जेम्स हिल यांनी अमेरिकेत एक नोंदवही उघडली, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची. ही माणसं आपणहून नाव नोंदवणारी, हे लक्षात ठेवलं तरी त्यांच्यात साम्य दिसतं, रोज तासाभराची हालचाल, बहुतेकांची साधं चालण्याचीच, आठवड्याला वजन बघणं, टीव्ही कमी, आणि सुट्टीच्या दिवशीही जवळपास तसंच खाणं. दोन-पाच वर्षं टिकलं की पुढे टिकवणं सोपं जातं. २००२ ला अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध प्रयोगात ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्या लक्ष्यावर नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या प्रयोगात २८.५ टक्के, आणि त्यात विशेष हे की वजन फारसं उतरलंच नव्हतं! म्हणजे काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्याचं किती नुकसान होतं बघा.

हळूहळू बदल ही कल्पना बाहेरची आहे असंही नाही. चरकसंहितेत अतिस्थूलपणाच्या कारणांत व्यायाम नसणं आणि दिवसा झोपणं याबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आईबापाकडून आलेलं, हेही धरलंय, आणि अहितकर सवय थोडी-थोडी सोडावी, हितकर थोडी-थोडी धरावी असं चक्क लिहिलंय. २०१८ च्या आसपास आपल्याकडे व्हॉट्सॲपवर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं घराघरात पोचलं, मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ते सगळ्यांना जमेलच असं नाही, शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका, पण त्यामुळे हजारो माणसं पहिल्यांदा सकाळी घराबाहेर पडली याचं श्रेय द्यायलाच हवं. जळगावच्या मेहरुण तलावावर पहाटेची गर्दी बघितली की बरं वाटतं. तरी आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला जातो, सकाळी सहानंतर चालणं नकोसं होतं, आणि घरातल्या बाईला तर पहाटेचा तास मिळतच नाही, तिच्यासाठी संध्याकाळी घरातल्या कोणीतरी स्वयंपाक हातात घेतला तरच तिचं चालणं होतं. भाकरीबद्दलही एक सांगतो, दादरची भाकरी आणि पोळी यांच्या कॅलरीत फार फरक नाही, भाकरीत तंतू जास्त असतात, पोट लवकर भरतं, पण वरून तर्री ओतली तर भाकरी काही करू शकत नाही.

२०२५ पासून भारतात वजनाची नवी इंजेक्शनं मिळायला लागलीत, त्यातल्या सेमाग्लुटाइडवर आधी झालेल्या अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे तिथेही प्रश्न टिकवण्याचाच, आणि टिकवायला कोणीतरी सोबत लागतं. अमेरिकेच्या त्या मधुमेह प्रतिबंध प्रयोगात पहिल्या २४ आठवड्यांत १६ भेटी होत्या, प्रत्येकाला ठरलेला एक माणूस होता. आपल्याकडे तेवढा खर्च होणार नाही हे कबूल, पण गावात आशाताई ३० वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरताना कंबर मोजतातच, टेप त्यांच्याकडे आहे, घर त्यांना माहीत आहे, ते माप एकदा फॉर्मवर लिहून न थांबता दर महिन्याला घेतलं आणि त्या कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना दिला, तर ही सोबत आपल्या गावातच उभी राहू शकते.