नो पार्किंगचा फलक दिसलाच नाही? कोल्हापुरात चलनावर हरकत घेण्याआधी हे वाचा

"तिथं बोर्डच नव्हता ओ," असं म्हणत मोबाइल पुढं करणारा माणूस आमच्या ऑनलाइन अर्जांच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी महाद्वार रोड, कधी गुजरी, कधी लक्ष्मीपुरी, कधी राजारामपुरी. जागा बदलते, वाक्य तेच. माणूस खोटं बोलत असतो असं नाही. पण हरकत फेटाळली जाते, कारण एकतर पुरावा नसतो, नाहीतर भांडण चुकीच्या कलमाशी चाललेलं असतं.

म्हणून आधी चलनावरचं कलम वाचा. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या, म्हणजे महाट्रॅफिकच्या, ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन उघडतं, पोलिसांनी काढलेला फोटोही दिसतो. दंडाची रक्कम सगळे बघतात, कलम कुणी बघत नाही. आणि हरकत टिकणार की नाही हे बरंचसं तिथंच ठरतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११९ सांगतं की वाहतूक चिन्हांचं पालन करा. चलन या कलमाखाली असेल तर 'चिन्हच नव्हतं, झाकलेलं होतं, वाचता येत नव्हतं' या म्हणण्याला अर्थ आहे. कलम १२२ वेगळं. गाडी धोका, अडथळा किंवा इतरांना नाहक त्रास होईल अशी उभी केली, एवढं त्याला पुरतं. त्याला फलक लागतच नाही. शिवाय २०१७ ची वाहन चालविण्याबाबतची केंद्राची नियमावली आहे. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचं तोंड, वळण, पूल, बस स्टॉप, उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी, या ठिकाणी पार्किंग मुळातच बंद आहे, फलक असो वा नसो. पापाची तिकटीच्या कोपऱ्यावर दुहेरी गाडी लावून 'बोर्ड दाखवा' म्हणणाऱ्याचा अर्ज मी भरून देतो, पण आधीच सांगतो की चहाचे पैसे तेवढे वाचव.

फलक असेल तर तो कसला, हेही बघा. निळ्या गोलाला लाल कडा आणि एक तिरकी लाल रेघ म्हणजे नो पार्किंग. दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाही बंदी. कलम ११६ नुसार चिन्हाचा आकार, रंग आणि प्रकार कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे असावा लागतो आणि तो अधिकार असलेल्या यंत्रणेनंच लावावा लागतो. दुकानदारानं शटरवर रंगवलेलं 'नो पार्किंग, हवा सोडली जाईल' हे कायद्याच्या भाषेत चिन्ह नव्हे. हवा मात्र खरंच सुटते, तो भाग वेगळा.

जो कागद कुणाकडंच नसतो

आरसी, लायसन्स, चलनाची प्रत हे सगळ्यांकडं असतं. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं अधिकारपत्र जोडा. ही दहा मिनिटांची कामं झाली.

नसतो तो त्याच दिवशी काढलेला जागेचा फोटो. लोक चार दिवसांनी, राग शांत झाल्यावर जातात. तोवर फलक पुसून लावलेला असतो, किंवा त्याच्यावरचा वाढदिवसाचा डिजिटल (फ्लेक्स) उतरलेला असतो. मग सिद्ध काय करणार? चलन हातात पडल्या पडल्या, गाडी हलवायच्या आधी फोटो काढा. आणि फोटो गाडीचा नव्हे, रस्त्याचा. तुम्ही ज्या दिशेनं आलात त्या दिशेनं, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून, गाडी उभी होती तिथंपर्यंतची सगळी बाजू दिसेल असे तीन-चार. मग फलकाचा एक जवळून. शेजारचा विजेचा खांब त्याच्या क्रमांकासह एका फोटोत येऊ द्या, म्हणजे जागा कुठली हा वाद राहत नाही. एक छोटा व्हिडिओ तर फारच चांगला.

मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत काढल्याची वेळ आणि तारीख राहत नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते मूळ फाइलवरूनच निघतं.

एक उदाहरण सांगतो. सम-विषम तारखेच्या पार्किंगचा फलक होता. 'विषम' मधला 'वि' उन्हापावसानं उडालेला, उरलं नुसतं 'षम'. स्कूटरवाल्या काकांनी ते 'सम' वाचलं आणि १४ तारखेला गाडी लावली. काकांनी त्याच संध्याकाळी लांबून आणि जवळून फोटो काढून ठेवले होते. अर्जात त्यांनी फक्त एवढंच लिहिलं: 'पार्किंग विषम तारखेस असल्याचा फलक. पहिलं अक्षर नष्ट. फोटो क्रमांक २ पाहावा.' चलन रद्द झालं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकानं दोन पानं लिहून दिली होती: आई आजारी, औषध आणायला गेलो, मी कायदा पाळणारा नागरिक, पोलीस फक्त गरिबालाच धरतात. सगळं खरं असेल. फलकाबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती.

फलक डिजिटलनं झाकला असेल तर तसं स्पष्ट लिहा. चिन्ह झाकणाऱ्या जाहिराती काढायला लावण्याची तरतूद कलम ११६ मध्येच आहे, तिचा उल्लेख करा. डिजिटलवर कुणाचा चेहरा आहे ते लिहू नका, त्यानं अर्ज सुधारत नाही. आणि पोलिसांनी अपलोड केलेला फोटो नीट बघा. बऱ्याचदा त्यात नंबरप्लेट, एक चाक आणि मागची भिंत एवढंच असतं. फलक त्यात नसेल तर 'पुराव्याच्या छायाचित्रात फलक दिसत नाही' हे वाक्य घालाच.

अर्ज कुठं

त्याच संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रारीचा पर्याय आहे. चलन क्रमांक टाका, म्हणणं लिहा, फोटो जोडा. त्याशिवाय शहर वाहतूक नियंत्रण शाखेत एक लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'ठेवून जा, साहेब बघतील' यावर परत फिरू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख हवी, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं पुण्याच्या मित्रानं पाठवलेला 'मा. पोलीस उपायुक्त' असा नमुना तसाच चिकटवू नका. इथं वरचं कार्यालय जिल्हा पोलीस अधीक्षकांचं. जाताना पीयूसी आणि विमा चालू आहे ना, एवढं बघा. पार्किंगची हरकत घ्यायला गेलेला माणूस पीयूसीचं चलन घेऊन आलेला मी बघितलाय.

त्या रस्त्यावर पार्किंगबंदी खरंच लागू आहे का, हा दुसरा मुद्दा. त्यासाठी माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, विषय एकच, शब्द साधारण १५० च्या आत. महाराष्ट्रात तसा नियम आहे, आणि दोन विषय एका अर्जात कोंबले म्हणून अर्ज परत येतात. मागा फक्त हे: अमुक रस्त्यावरील पार्किंगबंदीच्या अधिसूचनेची प्रत आणि फलक लावल्याची नोंद. 'हे आमच्याकडं नाही, महापालिकेकडं आहे' म्हणून अर्ज परत देता येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत तिकडं पाठवायचा असतो. उत्तराला मात्र ३० दिवसांची मुदत असते, म्हणून हरकत आधी टाका, उत्तर आलं की नंतर जोडा. उत्तराची वाट बघत बसलेल्यांची चलनावरची मुदत हातची जाते. ती मुदत चलनाच्या तारखेपासून मोजून चाला, मेसेज वाचलेल्या दिवसापासून नव्हे. आरसीवर जुना मोबाइल नंबर असेल तर मेसेज येणारच नाही, तो परिवहनच्या संकेतस्थळावर आजच बदलून घ्या.

दोन गैरसमज

'आधी भरून टाकतो, मग भांडतो.' नको. दंड भरला की तडजोड झाली, चलन मिटलं. पहिल्या वेळी ५०० रुपये असतात म्हणून लोक भरून मोकळे होतात, आणि त्याच गल्लीत पुन्हा सापडले की १५०० ला तोंड द्यावं लागतं.

दुसरा गैरसमज लोकअदालतीचा. नोटीस आली की कुणाला ते वॉरंट वाटतं, तर कुणाला हरकत घ्यायची शेवटची तारीख. दोन्ही नाही. लोकअदालतीत तडजोड होते, पुरावा तपासून निवाडा होत नाही. तिथं फोटोंची फाइल काढून बसलात तर पॅनेलवरची मंडळी शांतपणे विचारतील, भरायचं आहे की नाही? तिथं झालेल्या तडजोडीवर अपीलही नाही. मुद्दा फलकाचा असेल तर 'तडजोड मान्य नाही' सांगून बाहेर या.

हरकत फेटाळली तर पुढं कोर्ट. समन्स आल्यावर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात 'गुन्हा कबूल नाही' एवढं सांगायचं. कायद्यानं पोस्टानं कबुली देऊन दंड पाठवण्याचीही सोय आहे, पण तो रस्ता कबूल करणाऱ्यांसाठी. तारखा पडतील, कामाचे दिवस जातील. ५०० रुपयांसाठी दोन खाडे परवडतात का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. नंबरच चुकीचा असेल किंवा एकाच जागेची तीन-तीन चलनं असतील तर मी जा म्हणेन.

चलन रद्द झालं तर संकेतस्थळावर ते प्रलंबित यादीतून गेलंय का बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. गाडी विकायला काढल्यावर जुनं चलन परत डोकं वर काढतं, आणि तेव्हा शिक्क्याची ती पोच शोधताना घरातले सगळे ड्रॉवर उपसावे लागतात.