चेल्वनायकम्, सॅम्युएल जेम्स वेलुपिळ्ळै

(३१ मार्च १८९८ – २६ एप्रिल १९७७). श्रीलंकेतील (१९७२ पर्यंतचे नाव सिलोन) तमिळ राजकीय नेते, दिवाणी कायद्याचे वकील आणि ‘इलंकै तमिळ अरसु कच्ची’ या पक्षाचे प्रमुख संस्थापक. तमिळ लोकांत ते ‘तंदै चेल्वा’ (पिता चेल्वा) या नावाने ओळखले जातात. सिंहली बहुसंख्याकांच्या राज्यात तमिळ भाषकांना स्वायत्त प्रदेश मिळावा यासाठी त्यांनी सुमारे पाव शतक सनदशीर मार्गाने प्रयत्न केले. १९७६ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली स्वतंत्र तमिळ राज्याचा ठराव झाला. त्यामुळे त्यांच्या राजकारणाचा अर्थ कसा लावायचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

त्यांचा जन्म मलायातील इपोह येथे झाला. जाफन्यातील इंग्रजी शिकलेली अनेक तमिळ कुटुंबे त्या काळी नोकरी-व्यवसायासाठी मलायात जात. चेल्वनायकम् यांचे घराणे मूळचे जाफन्याजवळील तेल्लिप्पळै येथील आणि धर्माने प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. ते लहान असतानाच आई मुलांना घेऊन गावी परतली. तेल्लिप्पळै व जाफना येथील मिशनरी शाळांनंतर त्यांचे शिक्षण कोलंबोच्या सेंट टॉमस कॉलेजात झाले. पुढे पंतप्रधान झालेले एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके हेही त्याच सुमारास तेथे शिकत होते. लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मिळवल्यावर काही काळ त्यांनी शिक्षकी केली. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते वकिलीकडे वळले आणि यथाकाळ क्वीन्स कौन्सेल (राजमान्य ज्येष्ठ वकील) झाले. जमिनीचे हक्क, वारसा, दस्तऐवजांचा अन्वयार्थ हे त्यांचे क्षेत्र. फौजदारी खटल्यांत गाजलेले त्यांचे सहकारी व नंतरचे प्रतिस्पर्धी जी. जी. पोन्नंबलम फर्डे वक्ते होते. चेल्वनायकम् यांचा आवाज हलका आणि युक्तिवाद कागदावर बेतलेला असे. खासगी आयुष्याविषयीची बहुतेक माहिती त्यांचे जावई, राज्यशास्त्रज्ञ ए. जयरत्नम विल्सन यांच्याकडून आलेली आहे. ती आप्ताची साक्ष आहे हे ध्यानात ठेवूनच वापरावी लागते.

१९४४ मध्ये स्थापन झालेल्या ऑल सिलोन तमिळ काँग्रेसमध्ये ते पोन्नंबलम यांच्याबरोबर होते. १९४७ च्या निवडणुकीत ते कांकेसन्तुरै मतदारसंघातून संसदेत गेले. दोघांची फारकत झाली ती मळ्यांवरील भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांच्या प्रश्नावर. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानुसार बेटावर जन्म झाला एवढे नागरिकत्वाला पुरेसे नव्हते. वडिलांचा, किंवा आजोबा व पणजोबा या दोघांचा, जन्म बेटावर झाल्याचे दाखवावे लागे. चहामळ्यांच्या लायनींत (मजुरांच्या चाळींत) राहणाऱ्यांजवळ असे कागद क्वचितच असत. सुमारे सात लाख माणसे नागरिकत्वाला आणि पाठोपाठ मताधिकाराला मुकली. या अन्यायाची व्याप्ती तेव्हा जाफन्यातील फार थोड्या लोकांनी ओळखली. पोन्नंबलम यांनी नागरिकत्व कायद्याला मत दिले असे सरसकट लिहिले जाते, ते तितकेसे अचूक नाही. पहिल्या विधेयकाच्या वेळी ते विरोधात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये मंत्री झाल्यावर, पुढील वर्षीच्या भारतीय व पाकिस्तानी रहिवाशांविषयीच्या कायद्याला मात्र त्यांचा पाठिंबा होता. चेल्वनायकम् यांनी विरोध सोडला नाही. आज मळेवाल्यांवर आलेली पाळी उद्या भाषेच्या निमित्ताने उरलेल्या तमिळांवर येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतः त्यांचा जन्मही बेटाबाहेरचा होता. फरक एवढाच की त्यांच्या वाडवडिलांची मुळे जाफन्यात दाखवता येत होती.

१८ डिसेंबर १९४९ रोजी कोलंबोतील मरदाना भागात चेल्वनायकम्, सी. वन्नियसिंगम् व ई. एम. व्ही. नागनाथन् यांनी ‘इलंकै तमिळ अरसु कच्ची’ हा नवा पक्ष काढला. १९५२ च्या निवडणुकीत त्याला दोनच जागा मिळाल्या आणि स्वतः चेल्वनायकम् पराभूत झाले. १९५६ मध्ये दहा जागा आल्या. त्याच निवडणुकीत ‘केवळ सिंहली’ ही घोषणा देऊन बंदरनायके सत्तेवर आले. राजभाषा विधेयक मांडले गेले त्या दिवशी, ५ जून १९५६ रोजी, गॉल फेस मैदानावर बसलेल्या तमिळ सत्याग्रहींना जमावाने मारहाण केली. पाठोपाठ गल ओया खोऱ्यात दंगली झाल्या.

यानंतर २६ जुलै १९५७ रोजी झालेला बंदरनायके–चेल्वनायकम् करार हा त्यांच्या राजकीय जीवनातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होय. सिंहली ही राजभाषा कायम राहावी, तमिळला राष्ट्रीय अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता मिळावी, उत्तर व पूर्व प्रांतांचा कारभार तमिळमध्ये चालावा, अशी त्यातील भाषाविषयक तडजोड होती. दुसरा भाग प्रादेशिक परिषदांचा. उत्तर प्रांताची एक परिषद, पूर्वेच्या दोन किंवा अधिक, आणि प्रांताची हद्द ओलांडूनही परिषदांना एकत्र येण्याची मुभा. शेती, सहकार, शिक्षण, आरोग्य, मत्स्यव्यवसाय, रस्ते असे विषय संसदेने त्यांच्याकडे सोपवावयाचे होते. करारात ‘संघराज्य’ हा शब्द नाही. अधिकार संसदेकडूनच येणार होते, म्हणून काटेकोर घटनाशास्त्रीय दृष्टीने हे संघराज्य नव्हे.

या करारातील वसाहत योजनांचे कलम विशेष पाहण्याजोगे आहे. पाटबंधाऱ्यांखाली आलेल्या जमिनींवर सरकार दक्षिणेकडील सिंहली शेतकरी वसवी, त्यामुळे पूर्वेकडील लोकसंख्येचे प्रमाण बदलत होते. करारानुसार जमीन कोणाला द्यायची आणि योजनेवर कामाला कोण घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार परिषदांना मिळणार होता. भाषेच्या प्रश्नावर वृत्तपत्रांनी रान उठवले, पण दीर्घकालीन परिणामाचे कलम हेच होते. ते दिवाणी वकिलाच्या नजरेतून आले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. २४ मार्च १९६५ रोजी पंतप्रधानपदावर येऊ घातलेल्या डडली सेनानायके यांच्याशी झालेल्या दुसऱ्या करारात हेच कलम प्राधान्यक्रमाच्या रूपात येते : आधी त्या जिल्ह्यातील भूमिहीन, मग उत्तर-पूर्वेतील तमिळ भाषक, त्यानंतर बेटावरील अन्य नागरिक व त्यांतही इतरत्र राहणारे तमिळ. अधिकाराऐवजी आता अग्रक्रमाचे आश्वासन उरले होते. दोन्ही मसुदे शेजारी ठेवले की आठ वर्षांत तमिळ पक्षाची मागणी किती खाली आली, ते स्पष्ट दिसते.

दोन्ही करार पाळले गेले नाहीत. पहिल्याविरुद्ध विरोधी पक्षातील नेते जे. आर. जयवर्धने यांनी १९५७ मध्ये कँडीकडे पदयात्रा काढली, ती इंबुलगोड येथे अडवण्यात आली. ९ एप्रिल १९५८ रोजी बौद्ध भिक्षूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठाण मांडल्यावर बंदरनायके यांनी करार रद्द केला. तमिळ पक्षाने मोटारींच्या क्रमांकपट्टीवरील सिंहली ‘श्री’ अक्षराविरुद्ध उभारलेल्या चळवळीमुळे पंतप्रधानांची बाजू कमकुवत झाली, असे काही अभ्यासक मानतात. हे कारण खरे असले तरी दुय्यम वाटते, कारण कराराला संघटित विरोध त्याआधीच सुरू झाला होता. याच बंदरनायके यांनी १९२६ मध्ये सिलोनसाठी संघराज्य पद्धतीचा पुरस्कार केला होता, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. मे १९५८ च्या दंगलींनंतर पक्षावर बंदी आली व चेल्वनायकम् यांच्यासह नेते स्थानबद्ध झाले. १९६५ च्या करारानंतर पक्ष सरकारात सामील झाला. परंतु जिल्हा परिषदांचा प्रस्ताव १९६८ मध्ये मागे घेतला गेला आणि पक्ष बाहेर पडला.

मधल्या काळातील १९६१ चा सत्याग्रह हा त्यांच्या मार्गाचा सर्वांत मोठा प्रयोग. फेब्रुवारीपासून सुमारे दोन महिने जाफना आणि नंतर पूर्वेकडील जिल्ह्यांच्या कचेऱ्यांसमोर हजारो स्त्रीपुरुष बसून राहिले व कारभार ठप्प झाला. १४ एप्रिलला चेल्वनायकम् यांनी ‘तमिळ अरसु’ची स्वतंत्र टपालसेवा सुरू केली व तिकिटे विकली. लगेच आणीबाणी पुकारली गेली, सैन्य आले आणि नेत्यांना पनागोड येथील छावणीत डांबण्यात आले. कंपवाताने त्यांना याच काळात ग्रासले होते. पुढे ऐकूही कमी येऊ लागले.

१९७२ च्या प्रजासत्ताक राज्यघटनेने सिंहलीचे स्थान घटनेत नेले, बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि आधीच्या घटनेतील अल्पसंख्याकांना संरक्षण देणारे कलम २९ वगळले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चेल्वनायकम् यांनी संसदेचा राजीनामा दिला आणि याच मुद्द्यावर पोटनिवडणूक घ्यावी असे आव्हान सरकारला दिले. ती फेब्रुवारी १९७५ पर्यंत लांबवण्यात आली. तीत त्यांनी कम्युनिस्ट उमेदवाराचा मोठ्या फरकाने पराभव केला. १४ मे १९७६ रोजी वट्टुक्कोट्टै मतदारसंघातील पण्णाकम् येथे त्यांच्या पक्षाचा समावेश असलेल्या तमिळ संयुक्त मुक्ती आघाडीने स्वतंत्र, सार्वभौम, निधर्मी व समाजवादी तमिळ ईळम राज्याचा ठराव केला. मळ्यांवरील तमिळांचे नेते एस. तोंडमान यांनी या मागणीपासून स्वतःला दूर ठेवले, कारण त्यांची माणसे नियोजित राज्याबाहेर राहत होती. मळेमजुरांची बाजू घेणाऱ्या पक्षाच्या १९४९ च्या भूमिकेपासून ही मागणी खूप दूर गेली होती, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. त्याच वर्षी आघाडीच्या अमिर्तलिंगम् आदी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात सुमारे सत्तर तमिळ वकील बचावासाठी उभे राहिले. त्यांत चेल्वनायकम् व पोन्नंबलम हे दोन जुने प्रतिस्पर्धी एका बाजूला होते.

स्वतंत्र राज्याची कल्पना त्यांच्या मनात प्रथमपासून होती काय, हा वादाचा मुद्दा आहे. काही सिंहली लेखक १९४७ मधील त्यांच्या संसदीय भाषणातील विभक्त होण्याच्या हक्काच्या उल्लेखाकडे बोट दाखवतात. विल्सन यांच्या मते ते अखेरपर्यंत संघराज्यवादी होते व परिस्थितीने त्यांना ढकलत नेले. १९५७ व १९६५ च्या मसुद्यांतील उतरती मागणी पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

या वादाचे मूळ पक्षाच्या नावातही आहे. इंग्रजीत पक्षाने स्वतःला ‘फेडरल पार्टी’ म्हटले. तमिळ नावाचा शब्दशः अर्थ मात्र ‘लंका तमिळ राज्य पक्ष’ असा होतो. इंग्रजीत एक आणि तमिळमध्ये दुसरे बोलणारा पक्ष, असा आरोप त्यावरून होत आला. ‘अरसु’ याचा अर्थ राज्य, शासन. कन्नडमधील राजवाचक ‘अरस’ हा त्याचा सगोत्र होय. तो सार्वभौमत्व सुचवतोच असे नाही. भारतातील तमिळनाडूचे राज्य सरकार स्वतःला ‘तमिळ्नाडु अरसु’ असेच म्हणवते. महाराष्ट्र राज्य आणि सार्वभौम राज्य या दोन्हींसाठी एकच शब्द वापरणाऱ्या मराठी वाचकाला ही संदिग्धता समजणे अवघड नाही. शिवाय पक्षाच्या तमिळ ठरावांत संघराज्यासाठी ‘समष्टि’ हा संस्कृत शब्द येतो. भारतीय तमिळमध्ये रूढ असलेला ‘कूट्टाट्चि’ श्रीलंकेत तितका रुळला नाही. पुढे पक्षाच्या घटनेत ‘समष्टि’च्या जागी ‘इणैप्पाट्चि’ हा शब्द आला, तेव्हा आता मागणी संघराज्याची नसून अलग राज्यांच्या महासंघाची आहे, असा आक्षेप घेऊन श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज करण्यात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. दोन्ही शब्द संघराज्यवाचक म्हणून वापरले जातात आणि एकसंध देशात संघराज्य पद्धती मागणे म्हणजे फुटीरता नव्हे, असा निर्णय त्याने दिला.